मोजणारी माणसे

दिवाळी अंक वाचकांच्या हाती पडतात त्याच दिवसांत बीड जिल्ह्यातली गावे रिकामी होऊ लागतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी जोडपी, म्हणजे कारखान्याच्या हिशेबातले ‘कोयते’, ट्रकमध्ये नाहीतर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बिऱ्हाड टाकून पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपले, की उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. गेवराई तालुका या वाटेवरचा जुना प्रवासी. शेवगावच्या बाजूचे उमापूर याच तालुक्यातले. या जिल्ह्याविषयी २०१९ साली विधिमंडळात एक आकडा सांगितला गेला: तीन वर्षांत ९९ खासगी रुग्णालयांत ४,६०५ स्त्रियांची गर्भाशये काढली गेली. मग नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. त्या निमित्ताने झालेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची ‘पिशवी काढलेली’ आढळली. म्हणजे साधारण सहाजणींत एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण देशभरात शेकडा तीनच्या आसपास आहे. दोन्ही पाहण्यांच्या पद्धती आणि वयोगट वेगळे आहेत हे मान्य केले, तरी एवढे अंतर त्यात लपत नाही. एका दिवसाचा खाडा म्हणजे दंड, पाळीच्या त्रासात तोडणी चुकली की तोटा, अंगावरून पांढरे जाऊ लागले की ‘कॅन्सर होईल’ ही भीती, आणि या सगळ्यावर एकच इलाज सुचवणारी व्यवस्था. कारणे आता बऱ्यापैकी माहीत झाली आहेत. अस्वस्थ करणारी गोष्ट दुसरीच आहे. हा प्रकार उघडकीस आणला तो कार्यकर्त्यांनी आणि पत्रकारांनी. ज्यांचे काम जिल्ह्याच्या आरोग्याचा वर्षानुवर्षे हिशेब ठेवणे आहे, अशी प्रशिक्षित माणसे तो दाखवायला पुढे आली नाहीत, कारण तशी माणसे तयार करण्याची सोयच जिल्ह्यात नव्हती.

जैववैद्यकीय संशोधनाचे प्रशिक्षण हा विषय निघाला, की आपल्याकडे तो शिष्यवृत्त्यांच्या यादीत आणि परदेशी विद्यापीठांच्या नावांत अडकतो. हुशार पोरा-पोरींनी गाव सोडून कुठे कुठे पोचावे, याची ती यादी असते. या लेखाचे म्हणणे वेगळे आहे. ज्या जिल्ह्यात संशोधनाचे शिक्षण घेतलेली माणसे राहत नाहीत, त्या जिल्ह्याला स्वतःचे दुखणे दिसत नाही, आणि दुसऱ्यांनी लावलेले शोधही त्याला वापरता येत नाहीत. म्हणून विद्यार्थ्यांसाठी आणि पीएचडीनंतरच्या तरुण संशोधकांसाठी असलेल्या संधींचा एक ठरावीक हिस्सा रोग जिथे आहे तिथे, म्हणजे बीडसारख्या जिल्ह्यात, रुजवला पाहिजे. याचा सर्वांत ठळक पुरावा महाराष्ट्रातच पडला आहे.

जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकात डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांचा एक निबंध आला. गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी करून त्यांनी दाखवले, की ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग आहे आणि जेमतेम ८ टक्के स्त्रियांची याआधी कधी तपासणी झाली होती. ग्रामीण स्त्रीचे पांढरे जाणे, ओटीपोटातले दुखणे, पाळीच्या तक्रारी हे सगळे अंगावर काढले जाते आणि त्यातले पुष्कळसे औषधाने बरे होण्यासारखे असते, हे त्या दिवसापासून जगाला माहीत आहे. पुढे एप्रिल २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये दुसरा निबंध आला. तो बीडच्या अगदी सीमेला लागून असलेल्या, तेव्हाच्या उस्मानाबाद आणि आताच्या धाराशिव जिल्ह्यातला. बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि फ्रान्समधल्या लियाँची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा आठ वर्षे मागोवा घेतला. एचपीव्ही विषाणूची एकच चाचणी केलेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ३४ स्त्रिया दगावल्या, तर तपासणी न झालेल्या गटात ६४. गट जवळपास सारख्याच आकाराचे होते. म्हणजे एका तपासणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे जगाला मराठवाड्यातल्या बायकांनी शिकवले. आता हे दोन निबंध बीडच्या आकड्यांशेजारी ठेवून पाहा. पांढरे जाण्यावर साधे औषध आहे, हे ज्ञान तीस वर्षे जुने होते. कर्करोगाचा धोका एका चाचणीने वेळीच हेरता येतो, हे ज्ञान दहा वर्षे जुने आणि शेजारच्या जिल्ह्यातले होते. तरी बीडमध्ये तिशीच्या आसपासच्या बायकांचे गर्भाशय काढले जात राहिले. ज्ञान उपलब्ध होते. ते वाचून, समजून, आपल्या तालुक्यात मोजमाप करून ‘इथे काहीतरी भलतेच चालले आहे’ असे पुराव्यानिशी म्हणणारा मधला माणूस नव्हता.

हा मधला माणूस घडतो कसा? कागदावर पाहिले तर वाट पक्की आहे. एमबीबीएस आणि बीडीएसच्या विद्यार्थ्यांसाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर, १९७९ पासून दोन महिन्यांची अल्पकालीन विद्यार्थिवृत्ती देते. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना बंगळूर, दिल्ली आणि प्रयागराज इथल्या तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळ्यात दोन महिने नामांकित प्रयोगशाळेत काम करायला पाठवतात. एम.एस्सी.नंतर नेट परीक्षेतून ज्युनिअर रिसर्च फेलोशिप मिळते. तिची रक्कम १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे आणि सीनिअर झाल्यावर ४२,०००. पीएचडीनंतर रिसर्च असोसिएटला ५८,००० ते ६७,००० रुपये मिळतात. त्यापुढे आयसीएमआरच्या आणि केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या पोस्टडॉक्टरल फेलोशिप आहेत. वेलकम ट्रस्ट आणि हाच विभाग यांनी २००८ साली मिळून सुरू केलेली ‘इंडिया अलायन्स’ आहे. राज्याच्या बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्था पीएचडीच्या विद्यार्थ्यांना फेलोशिप देतात. यादी लहान नाही. पण ही शिडी पहिल्या पायरीपासून कुठे उभी आहे ते पाहा. हाफकिन संस्था १८९९ पासून परळला, राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था १९५२ पासून पुण्यात. पेशीविज्ञानाचे राष्ट्रीय केंद्र एनसीसीएस आणि विज्ञान शिक्षण-संशोधनाची संस्था आयसर पुण्यात, प्रजनन आरोग्याची राष्ट्रीय संस्था मुंबईत, टाटांचे कर्करोग संशोधन केंद्र खारघरला. वर्ध्याजवळच्या सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय सोडले, तर मुंबई-पुण्याच्या बाहेरचे नाव आठवावे लागते, आणि मराठवाड्यातले नाव या यादीत येतच नाही.

उमापूरहून गेवराईच्या महाविद्यालयात बी.एस्सी.ला जाणाऱ्या मुलीला या शिडीवर चढायचे असेल तर काय लागते? उन्हाळी फेलोशिपच्या अर्जासोबत तिला ओळखणाऱ्या शिक्षकाचे शिफारसपत्र आणि आपण कोणत्या प्रश्नावर काम करू इच्छितो याचे टिपण लागते. ज्या शिक्षकाने स्वतः संशोधन केले आहे त्याला असे पत्र कसे लिहावे हे ठाऊक असते. ज्याच्यावर तासिका तत्त्वाचा भार आहे आणि ज्याच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकांची मोजकीच खोकी आहेत, तो काय लिहिणार? टिपणासाठी आधी प्रश्न सुचावा लागतो, आणि प्रश्न सुचायला कुणीतरी प्रश्न विचारताना पाहिलेले असावे लागते. अर्जाच्या तारखा बहुधा नोव्हेंबर-डिसेंबरच्या आसपास असतात. त्या कळेपर्यंत निघून जातात. एवढे होऊन निवड झालीच, तर दोन महिने पुण्या-मुंबईत राहायचे आणि विद्यावेतन हाती येईपर्यंतचा खर्च घरून करायचा. घरची माणसे फडावर असतील तर ते कुणाला मागायचे? म्हणून शिष्यवृत्त्यांची संख्या वाढवली तरी त्या घेणारे चेहरे फारसे बदलत नाहीत. खालची पायरीच जिल्ह्यात नाही, आणि ती नसताना वरच्या पायऱ्या कितीही रुंद केल्या तरी उपयोग होत नाही.

वैद्यकीय महाविद्यालये तरी ही पायरी पुरवतील, अशी अपेक्षा रास्त आहे. पण डॉ. समीरन नंदी आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास डोळे उघडतो. २००५ ते २०१४ या दहा वर्षांत देशातल्या ५७९ वैद्यकीय संस्थांपैकी ३३२ संस्थांनी, म्हणजे ५७ टक्क्यांनी, एकही शोधनिबंध प्रसिद्ध केला नव्हता. वर्षाला शंभरहून अधिक निबंध देणाऱ्या संस्था होत्या फक्त २५. जिथे शिक्षकच संशोधन करत नाहीत तिथे विद्यार्थ्याची दोन महिन्यांची विद्यार्थिवृत्ती प्रमाणपत्रापुरती उरते आणि एम.डी.चा प्रबंध मागच्या वर्षीच्या प्रबंधावरून उतरतो.

महाराष्ट्राचा अनुभव मात्र सांगतो, की खेड्यात जागतिक दर्जाचे संशोधन होते, आणि त्यासाठी बुद्धीइतकीच तयारीही लागते. डॉ. हिंमतराव बावस्कर हे जालना जिल्ह्यातल्या देहेडचे, म्हणजे मराठवाड्याचेच. महाडजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना लाल विंचवाच्या दंशाने मुले दगावताना त्यांनी पाहिली, हृदयावर दिसणारी लक्षणे टिपून ठेवली आणि १९८२ साली ती ‘लॅन्सेट’मध्ये मांडली. पुढे प्राझोसिन हे रक्तदाबाचे स्वस्त औषध त्यांनी या दंशावर वापरले आणि कोकणातले विंचूदंशाचे मृत्यू विरळ झाले. डॉ. प्रमोदिनी बावस्करांसह केलेली त्यांची तुलनात्मक चाचणी ‘बीएमजे’त छापून यायला मात्र २०११ उजाडले. त्यांच्याकडे निरीक्षणाची तीक्ष्ण नजर होती, पण आकडेतज्ज्ञ, प्रशिक्षित सहकारी आणि संशोधनाचे पैसे हे सगळे एकट्याने जमवायचे होते. उलट बंग दांपत्य आधी अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन १९८४ साली पदवीधर झाले, १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था उभी केली, आणि तीन वर्षांच्या आत पहिला मोठा निबंध दिला. दहा वर्षांनी, १९९९ साली, त्यांनीच दाखवले, की गावातल्या प्रशिक्षित बाईने घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेतली तर नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटतात. आज देशभरातल्या आशा ताई बाळंतिणीच्या घरी जातात, त्यामागे हा पुरावा आहे. दोघांच्या कर्तृत्वाची तुलना करण्यात अर्थ नाही. शिकण्यासारखे एवढेच, की प्रशिक्षणाने वेळ वाचतो, आणि आरोग्यात वेळ म्हणजे जीव.

पीएचडीनंतरच्या प्रशिक्षणाचे मोल तर त्याहून कमी ओळखले गेले आहे. पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांचे उदाहरण घ्या. टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. वसंत रामजी खानोलकरांच्या हाताखाली त्यांनी १९४९ साली पीएचडी मिळवली. नंतर त्या फेलोशिपवर जॉन्स हॉपकिन्समध्ये डॉ. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. मानवी पेशी शरीराबाहेर वाढवण्याचे तंत्र तेव्हा ज्या मोजक्या ठिकाणी हाती आले होते, त्यातली ही एक. रणदिवे ते तंत्र शिकून परतल्या आणि मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातली पहिली ऊती-संवर्धन प्रयोगशाळा त्यांनी उभी केली. १९७३ साली भारतीय महिला वैज्ञानिक संघ स्थापन केला आणि उतारवयात नगर जिल्ह्यातल्या आदिवासी मुलांच्या पोषणाकडे वळल्या. पोस्टडॉक म्हणजे नोकरी लागेपर्यंतचा धर्मशाळेतला मुक्काम, असे आज अनेकांना वाटते. रणदिव्यांच्या बाबतीत तो एका माणसामार्फत एक संपूर्ण तंत्र देशात आणण्याचा काळ ठरला. परतायला खानोलकरांनी घडवलेली संस्था होती म्हणून ते शक्य झाले. आजच्या मराठवाड्यातल्या पोस्टडॉकला परतायला काय आहे, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा.

त्याचे उत्तर बीड जिल्ह्यातच आहे. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय ग्रामीण आरोग्याचे नाव घेऊनच १९७०च्या दशकात सुरू झाले. केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाची ‘आदर्श ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्र’ ही योजना तयार आहे. तिच्यात ग्रामीण रुग्णालयाशी एक संशोधन केंद्र जोडले जाते आणि एक राष्ट्रीय संस्था त्याची पालक होते. महाराष्ट्रात डहाणूला मुंबईच्या प्रजनन आरोग्य संस्थेच्या पालकत्वाखाली असे केंद्र आहे. पुणे जिल्ह्यातल्या वढू इथे केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने २२ गावांत घरोघरच्या जन्म-मृत्यूंची आणि आजारांची अखंड नोंद ठेवली आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून गरोदर माता आणि त्यांची मुले यांचा मागोवा घेतला, म्हणून भारतीय बाळे वजनाने कमी असूनही चरबीने जास्त असतात, ही मधुमेहाच्या अभ्यासातली मोलाची गोष्ट जगाला कळली. बीडच्या सीमेपलीकडे जामखेडला आरोळे दांपत्याने १९७० साली सुरू केलेल्या प्रकल्पात सार्वजनिक आरोग्य शिकायला परदेशातून विद्यार्थी येतात. तेवढे अंतर कापून तिथे जायची सोय उमापूरच्या विद्यार्थ्याला नसावी, हे आपल्या नियोजनाचे अपयश आहे.

अंबाजोगाईत असे केंद्र झाले आणि त्याने गेवराई, शिरूर कासार, पाटोदा, वडवणी, धारूर अशा तालुक्यांतली काही गावे कायमच्या मागोव्यासाठी घेतली, तर पहिल्या दिवसापासून कामाला प्रश्न तयार आहेत. ज्यांचे गर्भाशय, आणि कित्येकदा अंडाशयही, तिशीत काढले गेले, त्यांच्या हाडांचे, हृदयाचे आणि मनाचे पन्नाशीत काय होते? वेळेआधी पाळी गेली की हाडे ठिसूळ होतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो, हे वैद्यकाला ठाऊक आहे. पण ते ठाऊक आहे मुख्यतः पाश्चात्त्य स्त्रियांच्या अभ्यासांतून, ज्या उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीत चढत नाहीत. दुसरा प्रश्न मूत्रपिंडाचा. निकाराग्वा आणि एल साल्वाडोर इथल्या ऊसतोड मजुरांत, मधुमेह किंवा रक्तदाब नसताना, ऐन तरुणपणी मूत्रपिंडे निकामी होण्याची साथच आढळली. उन्हातले अतिश्रम आणि पाण्याची तूट यांच्याकडे त्यात बोट दाखवले जाते. तिथे पाणी, सावली आणि विश्रांती यांचे वेळापत्रक लावून अभ्यास झाले. तोच ऊस, तेच ऊन आणि तोच कोयता बीडच्या माणसांच्या हाती आहे. हंगामापूर्वी, हंगामात आणि हंगामानंतर रक्तातले क्रिएटिनिन मोजणे हा फार महागडा प्रयोग नाही. त्यासाठी नमुना निवडणे, संमती घेणे, रक्त थंड साखळीत ठेवणे, टोळीमागोमाग कारखान्याच्या तळावर जाणे आणि आकड्यांचा खरा अर्थ लावणे एवढे लागते. हेच संशोधनाचे प्रशिक्षण. बी.एस्सी.ची मुलगी नोंदी शिकेल, एमबीबीएसचा विद्यार्थी दोन महिन्यांत एक छोटा प्रश्न सोडवेल, पीएचडीचा विद्यार्थी तीन हंगाम पाहील, आणि चार-पाच वर्षांसाठी नेमलेला पोस्टडॉक या सगळ्यांना रोज हाताशी धरेल. या रचनेतला कणा पोस्टडॉकच आहे. प्राध्यापकाला वेळ नसतो आणि विद्यार्थ्याला अनुभव नसतो. दोन्ही असलेला तोच.

यावर पहिला आक्षेप येईल तो डॉक्टरांच्या रिकाम्या जागांचा. आधी आरोग्य केंद्रात डॉक्टर द्या, मग संशोधनाचे बघू. ऐकायला हे बिनतोड वाटते. पण बीडमध्ये गर्भाशये काढली गेली ती डॉक्टर नव्हते म्हणून नव्हे. ती डॉक्टरांनीच काढली. कमतरता होती ती त्यांच्या कामाचा हिशेब ठेवणाऱ्या नजरेची. २०१९ नंतर जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीची अट आली. ती अट उपयोगी पडली का, की शस्त्रक्रिया शेजारच्या जिल्ह्यांत सरकल्या, हे सांगायलाही संशोधकच लागतो. दुसरा आक्षेप यंत्रसामग्रीचा. जनुके वाचणारी यंत्रे गेवराईला कुठून आणणार? आणायची गरजच नाही. नमुने पुण्याला जातील. उमापूरला राहायला हवेत ते प्रश्न आणि माणसे.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो टाळता कामा नये. गरीब गावांना प्रयोगशाळा करायचे का? धाराशिवच्या त्याच गाजलेल्या अभ्यासावर अशी टीका झाली, की ज्या गटाची तपासणी केली नाही त्या गटातल्या स्त्रियांना, तपासणी उपयोगी आहे हे ठाऊक असताना, तसेच का ठेवले? अभ्यासकांचा बचाव होता, की त्या भागात तशीही कोणतीच तपासणी होत नव्हती. हा बचाव अर्धाच पटतो. पण या टीकेतून निघणारा निष्कर्ष संशोधन बंद करा असा नाही. संशोधनाची सूत्रे गावाजवळ असावीत असा आहे. नैतिक समितीत ऊसतोड बाई बसावी, संमतीपत्र कळेल अशा मराठीत असावे, आजार सापडला तर उपचार बांधील असावा, आणि निष्कर्ष आधी ग्रामसभेत वाचले जावेत. बाहेरून येऊन आकडे घेऊन जाणाऱ्याला हे जड जाते. ज्याचे नातेवाईक त्याच यादीत आहेत, त्याला ते सांगावे लागत नाही.

शेवटचा आक्षेप पीएचडीवरच्या अविश्वासाचा. डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात, फेलोशिप घेऊन पोरे काय दिवे लावणार, अशा आशयाचा प्रश्न विचारला गेला आणि तो राज्यभर गाजला. त्यात तथ्याचा अंश आहे. पुण्याच्याच विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ साली ‘करंट सायन्स’मध्ये दाखवले, की विद्यापीठांच्या शिफारशीवरून यूजीसीच्या यादीत आलेल्या आणि त्यांनी तपासलेल्या एक हजाराहून अधिक नियतकालिकांपैकी ८८ टक्के निकृष्ट किंवा संशयास्पद होती. बढतीसाठी छापलेले कागद आपल्याकडे ढिगाने आहेत. पण कुजका माल निघतो म्हणून पेरणी थांबवत नाहीत. ज्यांना फेलोशिपच्या पैशासाठी रस्त्यावर बसावे लागते, त्यांच्याकडून उत्तम कामाची अपेक्षा धरणेही अन्यायाचे. विचारलेल्या प्रश्नाचे खरे उत्तर पैसे थांबवणे हे नसून, फेलोशिप खऱ्या प्रश्नाला आणि खऱ्या देखरेखीला जोडणे हे आहे. बार्टी, सारथी, महाज्योती यांनी आरोग्यविषयक फेलोशिपचा एक भाग मराठवाड्यातल्या अशा केंद्रासाठी राखला, तर दिवे कुठे लागले ते दहा वर्षांत मोजून दाखवता येईल.

भारत संशोधनावर सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के खर्च करतो. या तुटपुंज्या वाट्यातून बीडला काय मिळावे, हे दिल्लीत आपोआप ठरणार नाही. त्यासाठी मागणी इथून जावी लागते. अंबाजोगाईच्या महाविद्यालयाने केंद्राकडे ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्राचा प्रस्ताव पाठवावा. जिल्हा नियोजन समितीने जागा आणि वाहन द्यावे. साखर कारखान्यांनी आपल्या तळांवर तपासणीला दारे उघडावीत, कारण ज्यांच्या घामावर गाळप होते त्यांच्या आरोग्याची जबाबदारी त्यांचीही आहे. गेवराई, बीड, माजलगाव, केज इथल्या महाविद्यालयांतल्या विज्ञानाच्या प्राध्यापकांनी याच महिन्यात आपल्या दोन-तीन विद्यार्थ्यांना बसवून उन्हाळी फेलोशिपचे अर्ज भरून घ्यावेत. त्याला कोणत्याही शासननिर्णयाची वाट पाहावी लागत नाही. आणि या जिल्ह्यातून बाहेर पडून पुण्यात, बंगळूरमध्ये किंवा बोस्टनमध्ये पोस्टडॉक करणाऱ्यांनी निदान एका विद्यार्थ्याचे टिपण वाचून दुरुस्त करून द्यावे. तेरा हजार आठशे एकसष्ट स्त्रियांची मोजणी एकदा झाली. ती दरवर्षी, न चुकता, इथल्याच शिकलेल्या हातांनी होत राहावी, एवढी मागणी बीडच्या वाचकांनी आपल्या लोकप्रतिनिधींकडे लावून धरावी.